ठाण्याची पायरी चढताना

मागील अंकात ‘पोलीस आणि आपली वस्ती’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे सोलापूर शहरातली आहेत, काही दक्षिण सोलापूर आणि मोहोळ तालुक्यांतली आहेत. पत्रलेखकांनी मोकळेपणाने लिहिले असल्यामुळे त्यांची नावे छापलेली नाहीत आणि ज्या ठाण्यांविषयी तक्रार आहे त्यांचीही नावे गाळली आहेत. सोलापूरच्या न्यायालयांत फौजदारी वकिली करताना जे पाहिले, त्याचा आधार मी उत्तरे देताना घेतला आहे. त्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले, ते आधीच सांगून टाकतो. वस्ती सुरक्षित राहणार की नाही हे सर्वांत आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी ठरते. साध्या माणसाने सांगितलेली हकीकत तिथे लिहून घेतली जाते का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

प्रश्न : नातवाला शाळेत ‘आपले राष्ट्रीय पोलीस दल’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला आहे. मी त्याला सीबीआय, सीआरपीएफ, एसआरपी अशी नावे सांगितली. पण यांतले ‘राष्ट्रीय पोलीस’ कोणते आणि आमच्या गल्लीची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मलाच नीट सांगता आले नाही.
एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, आपली अडचण रास्त आहे, कारण निबंधाच्या विषयातच गफलत आहे. संपूर्ण देशात गस्त घालणारे, फिर्याद नोंदवणारे आणि तपास करणारे एकच एक राष्ट्रीय पोलीस दल भारतात नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे, म्हणजे हे दोन्ही विषय राज्यांकडे सोपवलेले आहेत. त्यामुळे आपल्या गल्लीची जबाबदारी महाराष्ट्र पोलीस दलाची आहे. शहराच्या हद्दीत ती पोलीस आयुक्तालयाकडे आहे आणि उरलेल्या जिल्ह्यात, म्हणजे पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा अशा भागांत, ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे आहे.

केंद्राची दले वेगळ्या कामांसाठी उभी राहिली आहेत. सीआरपीएफची, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाची, सुरुवात १९३९ साली नीमच येथे झाली. निवडणूक, दंगल किंवा नक्षलग्रस्त भागातील कारवाई अशा वेळी राज्याच्या मदतीला जाणे हे त्याचे मुख्य काम आहे. सीमा सुरक्षा दल १९६५ पासून सरहद्द सांभाळते. राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये झाला, आणि दहशतवादासारख्या ठरावीक गुन्ह्यांचा तपास ही संस्था देशभर करू शकते. सीबीआयचा पाया १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यात आहे. एखाद्या राज्यात तपास करायचा तर त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तिला राज्य सरकारची संमती लागते, आणि संमती नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा किंवा उच्च न्यायालयाचा आदेश लागतो. आपण उल्लेख केलेले एसआरपी, म्हणजे राज्य राखीव पोलीस बल, मात्र केंद्राचे नाही, आपल्याच राज्याचे आहे. त्याचा गट क्रमांक १० आपल्या सोरेगावातच आहे.

नातवाला हा फरक डोळ्यांनी दाखवायचा असेल तर त्याला सोलापूर रेल्वे स्थानकावर घेऊन जावे. एकाच फलाटावर दोन दलांची माणसे दिसतील. रेल्वे सुरक्षा दल केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाचे असून १९५७ च्या कायद्याने चालते, आणि रेल्वेच्या मालमत्तेचे व प्रवाशांचे रक्षण करते. लोहमार्ग पोलीस राज्याचे आहेत. गाडीत बॅग चोरीला गेली तर गुन्हा नोंदवून तपास करण्याचे काम त्यांचे असते. प्रवाशाला हे भेद पाठ असण्याची गरज नाही, रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर त्याने सांगितले की पुढची वाटणी फोन घेणाऱ्यांनीच करायची असते.

दले वेगवेगळी असली तरी त्यांच्यातली माहिती आता पूर्वीइतकी तुटक राहिलेली नाही. सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा आहे. इथे घरफोडी करून दोन तासांत विजयपूर किंवा कलबुर्गी गाठता येते. पूर्वी तिकडच्या ठाण्यात पकडलेल्या माणसावर इकडे काय दाखल आहे हे कळायला पत्रव्यवहारात आठवडे जात असत. आज देशभरातील ठाणी सीसीटीएनएस या संगणक जाळ्याने जोडलेली आहेत आणि ते जाळे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो. निबंधात नातवाने २१ ऑक्टोबर या पोलीस स्मृतिदिनाचाही उल्लेख करावा असे मला मनापासून वाटते. १९५९ साली त्या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस जवान धारातीर्थी पडले. त्या वेळी त्या निर्जन सीमेवर पहारा द्यायला पोलीसच होते.

प्रश्न : मी विड्या वळते. शहरातून बसने विडी घरकुलकडे परत येताना माझी पिशवी कापून बचत गटाचे सहा हजार रुपये आणि मुलीचा मोबाईल कोणीतरी नेला. एका ठाण्यात गेले तर विचारले, ‘चोरी कुठल्या चौकात झाली?’ मला सांगता आले नाही. ‘आमची हद्द नाही’ म्हणून दुसऱ्या ठाण्यात पाठवले. तिथे शेवटी ‘मोबाईल गहाळ झाला’ असा दाखला दिला. पैशांचे काहीच लिहिले नाही. आता काय करावे?
एक विडी कामगार भगिनी

उत्तर : ताई, बसमध्ये पिशवी कापली गेली तर ती कोणत्या चौकात कापली हे सांगता येत नाही, आणि कायद्यालाही हे ठाऊक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात त्या गुन्ह्याची) खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, देता येते. अशा वेळी ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा आणि कागदपत्रे योग्य ठाण्याकडे पाठवायची असतात. पाठवायचे ते कागद, फिर्यादीला नव्हे. त्या दिवशी आपल्याला दोन ठाणी फिरवली गेली, हा त्यांनी आपल्यावर केलेला अन्याय होता.

‘गहाळ’ आणि ‘चोरी’ या दोन शब्दांतला फरक मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या अनुभवात गरीब माणसाचे सर्वांत जास्त नुकसान या एका शब्दाने होते. वस्तू गहाळ झाली म्हणजे ती आपल्याच हातून कुठेतरी पडली. त्यात गुन्हा नाही, आरोपी नाही आणि म्हणून तपासही नाही. नवे सिमकार्ड घेण्यासाठी त्या दाखल्याचा उपयोग होतो, तेवढाच. पिशवी ब्लेडने कापलेली असताना दिलेला गहाळ दाखला म्हणजे घडलेली चोरी कागदावरून पुसून टाकणे होय. त्याचा परिणाम आपल्या एकटीवर होत नाही. समजा त्याच मार्गावर महिन्याभरात आणखी पाच जणींच्या पिशव्या कापल्या गेल्या आणि सहाही जणींना गहाळ दाखले मिळाले, तर त्या मार्गावर चोरांची टोळी फिरते आहे हे ठाण्याच्या नोंदवहीत कुठेच दिसणार नाही, तिथे साध्या वेशातला पोलीस बसणार नाही आणि सातवी पिशवीही कापली जाईल. गस्त कुठे घालायची हे पोलीस नोंदींवरूनच ठरवतात.

म्हणून आता पुढीलप्रमाणे करावे. कापलेली पिशवी टाकून देऊ नये, तो मुद्देमाल आहे. बचत गटाच्या वहीतील रक्कम काढल्याची नोंद, मोबाईलची पावती, आणि जपून ठेवले असेल तर बसचे तिकीट बरोबर घ्यावे. मोबाईलच्या पावतीला विशेष महत्त्व आहे, कारण नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला वेगळी, सौम्य तरतूद आहे. ती अदखलपात्र ठरते आणि न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. आपल्या रोख रकमेचाच आकडा त्याहून मोठा आहे, तेव्हा तो फिर्यादीत आलाच पाहिजे. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगावी. आपण तेलुगू अधिक सहज बोलत असाल तर मराठी येणाऱ्या मुलीला शेजारी बसवावे. सही केल्यानंतर तिची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे.

ठाण्याने तरीही नकार दिला तर त्याच हकीकतीचा अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवावा, शहरात पोलीस उपायुक्तांकडे आणि ग्रामीण हद्दीत अधीक्षकांकडे. पोस्टाची पावती जपून ठेवावी. त्यानेही काम झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि तेव्हा ही पावतीच आपला पुरावा असते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला आहे. गुन्हा नोंदल्यानंतर तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचे बंधनही आता पोलिसांवर आहे.

मोबाईलपुरते आणखी एक काम आजच करावे. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन तो बंद करून घ्यावा. हा क्रमांक पावतीवर किंवा खोक्यावर छापलेला असतो. बंद केलेला मोबाईल चोराला वापरता येत नाही, आणि त्यात कोणी दुसरे सिम घातले तर पोलिसांना त्याचा माग लागू शकतो.

प्रश्न : आमचे घर सेटलमेंट भागात आहे. मी बी.कॉम. झालो असून एका दुकानात हिशेब लिहितो. शहरात कुठे घरफोडी झाली की आमच्या गल्लीत जीप येते. गेल्या वर्षी रात्री मला ‘साहेबांनी बोलावले आहे’ म्हणून नेले आणि सकाळी सोडून दिले. कागद काहीच दिला नाही. माझ्या आजोबांची हजेरी लागत होती, माझीही लागायची आहे का?
एक तरुण वाचक

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. सोलापुरात राहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला वाटते, कारण ‘सेटलमेंट’ हे नाव आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सहज वापरतो आणि ते कुठून आले हे विसरून गेलो आहोत. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यापर्यंत वाढवला. पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींतील माणूस जन्मानेच गुन्हेगार धरला गेला. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात वसवले होते. बाहेर जायला परवाना लागे, हजेरी चुकली तर शिक्षा होई. स्वातंत्र्य १९४७ मध्ये आले, पण हा कायदा देशभरातून रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या जमातींना विमुक्त जमाती म्हणतात. कुंपण निघाले. ठाण्याच्या जुन्या सवयीतून मात्र ते पूर्ण निघाले नाही, हे आपल्या पत्रावरून दिसते.

आता कायद्याचे सांगतो. आपली हजेरी लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात चौकशी करायची असेल तर पोलिसांनी लेखी नोटीस द्यायची असते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात संशयितालाही आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन बोलवावे, अटक करायची तर तिची कारणे नोंदवावीत, असा दंडक आहे. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील माणसे, अपंग आणि गंभीर आजारी यांना साक्षीसाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, त्यांच्या घरी जाऊनच विचारावे लागते. अटक केली असेल तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. ‘अटक नाही, नुसते बसवून ठेवले आहे’ अशी कोणतीही अवस्था कायद्यात नाही. रात्रभर बसवून ठेवणे हा स्वातंत्र्याचा भंगच आहे. ठाण्यांमध्ये कॅमेरे बसवावेत आणि चित्रण जपून ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला, त्यामागचे एक कारण हेच होते.

विमुक्त जमातींविषयी न्यायालय थेट बोलले आहे. एखाद्या माणसाचे नाव केवळ त्याच्या जमातीमुळे किंवा वस्तीमुळे गुन्हेगारांच्या हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे ठाण्यात ठेवल्या जाणाऱ्या पूर्वेतिहासाच्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवले जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये बजावले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटकेला तोंड द्यावे लागू नये, याची काळजी घेण्यास पोलिसांना सांगितले. पुन्हा बोलावणे आले तर नोटीस मागावी, बरोबर एखादा वडीलधारा माणूस न्यावा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधावा. १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मदतीची माहिती मिळते. घडून गेलेल्या रात्रीविषयीही पोलीस आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येईल. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे.

याच जिल्ह्यातल्या पोलिसांनी वेगळी वाट चालून दाखवली आहे, तीही सांगायला हवी. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर धाड घालायची, रसायन ओतून द्यायचे, गुन्हा दाखल करायचा आणि महिन्याभरात पुन्हा तीच भट्टी पेटलेली पाहायची, असे वर्षानुवर्षे चालले होते. या मोहिमेत अधिकारी तांड्यावर वारंवार जाऊन बसले, कोणाच्या घरात कोण काय करू शकते याची माहिती घेतली, आणि शिवणकामासारखे दुसरे उत्पन्नाचे मार्ग उभे करण्यासाठी हात दिला. धाडी थांबल्या नाहीत, पण धाडीनंतर त्या घराची चूल कशावर पेटणार हा प्रश्न पोलिसांनी स्वतःचा मानला. माझ्या मते वस्ती सुरक्षित करणे म्हणतात ते हे काम. जो हवालदार तांड्यातल्या माणसाला नावाने आणि कामाने ओळखतो, त्याला घरफोडीनंतर सगळी गल्ली उठवावी लागत नाही, कोणाकडे विचारायचे हे त्याला ठाऊक असते.

प्रश्न : प्रत्येक सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा होतो, फोटो होतो. तिचा खरोखर काही उपयोग असतो का?
एक कापड व्यापारी, नवी पेठ

उत्तर : बैठक फक्त सणाआधी होत असेल तर उपयोग थोडा असतो. वर्षभर होत असेल तर पुष्कळ असतो.

सोलापूरला या बाबतीत फार जुनी आठवण आहे. मे १९३० मध्ये गोळीबारानंतर शहर पेटले, पोलीस शहराबाहेर गेले आणि काही दिवस इथली व्यवस्था लोकांनीच सांभाळली. त्यानंतर मार्शल लॉ आला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. पोलीस हे परक्या सत्तेचे हत्यार असताना या शहराने काय भोगले, हे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपुढून जाताना आठवते. ते चौघे चार वेगवेगळ्या समाजांतले होते, हेही तितकेच आठवते. आजचा पोलीस आपल्याच पेठेतल्या घरातून भरती झालेला असतो. त्याला आणि पेठेला एकमेकांशी बोलायला सणाची वाट का पाहावी लागते?

बैठकीचा उपयोग कसा होतो याचे उदाहरण भिवंडीचे आहे. भिवंडी आपल्यासारखेच यंत्रमागाचे गाव, आपल्याकडच्या पद्मशाली विणकरांचे कितीतरी नातेवाईक तिथे आहेत. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून गेलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्लावार समित्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा रोज रस्त्यावर असणारी दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस नियमाने बसू लागला. नळाचे भांडण, गटार, उधारी असे किरकोळ विषयही तिथे निघत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना तिच्या इतक्या जवळची भिवंडी शांत राहिली. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की अफवा उठली त्या रात्री कोणाला फोन करायचा हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत होते.

आपल्याकडे वर्षभर गर्दीचे प्रसंग असतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गड्डा यात्रा, शिवजयंती, आंबेडकर जयंती, मोहरम, गणेशोत्सव, नवरात्र. पुढच्या बैठकीला आपण जाल तेव्हा तीन गोष्टी लेखी मागाव्यात. मागच्या बैठकीत ठरलेल्या कामांचे काय झाले, मिरवणुकीच्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या अधिकाऱ्याशी बोलायचे, आणि ध्वनिक्षेपकाच्या नियमांचे पालन कोण पाहणार. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात, वर्षातील मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. या मर्यादेविषयी मंडळांशी मिरवणुकीच्या रात्री वाद घालण्यापेक्षा महिनाभर आधी बोलणे सर्वांनाच सोपे जाते.

प्रश्न : मी एकटी राहते, वय ७१. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणसाने ‘सीबीआयमधून बोलतो, तुमच्या आधारवर पार्सल पकडले आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ असे सांगितले. मी घाबरून दोन लाख रुपये भरले. मुलाला अजून सांगितलेले नाही.
एक आजी, होटगी रोड

उत्तर : आजी, हे उत्तर छापून येण्याआधीच आम्ही आपल्याशी संपर्क साधला आहे. इतरांसाठी इथे लिहितो. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही. कोणतेही पोलीस दल फोनवर अटक करत नाही, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाही आणि चौकशीसाठी पैसे ‘तपासून परत देतो’ म्हणून खात्यात मागत नाही. साठ वर्षांवरील माणसाला साक्षीसाठी ठाण्यातही बोलावता येत नाही, हे वर सांगितलेच आहे.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करावा. सोलापूरकराला हा आकडा वेगळा पाठ करावा लागू नये, आपल्या शहराच्या इतिहासातले ते सर्वांत मोठे वर्ष आहे. तक्रार नोंदली की ती त्या बँकेकडे जाते आणि समोरच्या खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते गोठवले जातात. ठकसेन ते पैसे काही तासांत अनेक खात्यांत फिरवतात, म्हणून वेळ फार मोलाचा आहे. गोठवलेली रक्कम नंतर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, कॉलचा नंबर आणि आलेले संदेश पुसू नयेत.

आणि आजी, मुलाला आजच सांगावे. आपण फसल्या नाहीत, आपल्याला फसवले गेले आहे. या टोळ्या माणसाला घरच्यांशी बोलू न देण्यावरच जगतात.

प्रश्न : माझे पती हवालदार आहेत. गड्डा, वारी, गणपती, निवडणूक, एकही सण घरी नाही. सगळे पोलिसांकडून अपेक्षा करतात, त्यांच्याकडे कोण पाहते?
एक पोलीस पत्नी, पोलीस वसाहत

उत्तर : वहिनी, आपल्या पत्रातला राग मला पूर्णपणे मान्य आहे. आषाढीला लाखो वारकरी पंढरपुरात सुखरूप दर्शन घेऊन परततात, तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटात सलग उभ्या असलेल्या शिपायाच्या पायांना काय होते याचा विचार कोणी करत नाही. पोलिसांना इतर कामगारांसारखी संघटना करता येत नाही, १९६६ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचा तो हक्क मर्यादित केला आहे. मुंबईत ऑगस्ट १९८२ मध्ये पोलिसांचा असंतोष उफाळून आला, त्यानंतर महाराष्ट्रातील त्यांची संघटनाही मोडीत निघाली. त्यामुळे त्यांचे गाऱ्हाणे समाजानेच मांडायला हवे.

आठ तासांची पाळी अशक्य आहे असे नाही. मुंबईच्या देवनार ठाण्यात २०१६ मध्ये तो प्रयोग झाला आणि पुढे तो इतर ठाण्यांत नेला गेला. बारा-चौदा तास उभा राहिलेला माणूस फिर्यादीला ‘आमची हद्द नाही’ म्हणतो, त्यामागे पुष्कळदा थकवाही असतो. वर विडी कामगार भगिनीवर झालेल्या अन्यायाचे हे समर्थन नव्हे. पण तिच्या पत्राचे आणि आपल्या पत्राचे उत्तर एकाच ठिकाणी, ठाण्यातल्या माणसांच्या संख्येत आणि त्यांच्या पाळ्यांत, सापडते असे मला वाटते. साप्ताहिक सुटी आणि बंदोबस्तानंतरची विश्रांती नियमाने मिळावी, ही मागणी आमदारांकडे लेखी करावी. आमच्या वाचकांनीही ती करावी.

प्रश्न : ११२ वर फोन केला तर माझे नाव भांडणाऱ्यांना कळते का? आणि नेमके काय सांगायचे?
एक गृहिणी, अशोक चौक

उत्तर : शेजाऱ्याच्या घरात मारहाण चालली आहे एवढे सांगायला आपण फिर्यादी होण्याची गरज नाही, आणि आपले नाव समोरच्यांना सांगू नये अशी विनंती फोनवरच करता येते. हा फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तिथून जवळच्या पोलीस वाहनातील पडद्यावर संदेश जातो. फोन घेणारी व्यक्ती दुसऱ्या जिल्ह्यात बसलेली असू शकते, तिला अशोक चौक कुठे आहे हे माहीत नसते. म्हणून आधी ‘सोलापूर शहर’ म्हणावे, मग चौक आणि सर्वांना ओळखीची एखादी खूण, मग काय घडते आहे, कोणी जखमी आहे का, कोणाच्या हातात हत्यार आहे का. फोन ठेवल्यावर तोच मोबाईल हाताशी आणि चालू ठेवावा, कारण गल्लीच्या तोंडाशी आलेला बीट मार्शल, म्हणजे त्या भागात गस्तीवर असलेला पोलीस, बहुधा त्याच क्रमांकावर परत फोन करून घर विचारतो.